गेरिग पहिला, मान्य. पण दुसऱ्या नंबरचा फर्स्ट बेसमन कोण?

डावखुरा_इंदूरकर:
नमस्कार मंडळी. प्रश्न बेसबॉलचा आहे, क्रिकेटवाल्यांनी शिव्या घालू नयेत. माझा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, गेल्या आठवड्यात इंदूरला आला होता, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता वाद सुरू झाला की बेसबॉलमधला आजवरचा सगळ्यात भारी फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसपाशी उभा राहणारा फिल्डर) कोण, आणि घरी येऊन आईनं लाईट बंद केला तरी मिटला नाही. पहिल्या नंबरावर दोघांचं एकमत, लू गेरिग. भांडण दुसऱ्याचं. तो म्हणून राहिला जिमी फॉक्स, मी म्हणतो अल्बर्ट पुहोल्स.

गेरिगचं आधी सांगून टाकतो, इथं सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. न्यूयॉर्क यांकीज, १९२३ ते १९३९. सरासरी .३४० (म्हणजे शंभर वेळा बॅटिंगला ३४ हिट्स), ४९३ होमरन (आपल्या सिक्ससारखा, बॉल थेट मैदानाबाहेर), आणि सलग २१३० मॅच, एकही न चुकवता. आपल्याकडे ॲलिस्टर कुकच्या सलग १५९ टेस्टचं केवढं कौतुक करतो आपण, ते टेस्टचं गणित वेगळं आहे म्हणा, पण चौदा वर्षं रोज मैदानावर उतरायचं म्हणजे काय ते बघा. मग १९३९ मध्ये त्याला स्वतःलाच जाणवायला लागलं की हातपाय ऐकत नाहीयेत, तो मॅनेजरला जाऊन म्हणाला मला बसव. पुढं निदान झालं एएलएस. दोन वर्षांत गेला, वय ३७. अमेरिकेत त्या आजारालाच त्याचं नाव पडलं.

आता माझा पुहोल्स. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवी पोरं निवडतात ती) तेराव्या राउंडला, ४०२ वा नंबर, म्हणजे त्याच्या आधी चारशेएक पोरं लोकांना जास्त बरी वाटली होती. २००१ ला सेंट लुईस कार्डिनल्सकडून आला आणि पहिली दहा वर्षं ओळीनं प्रत्येक सीझनला .३०० च्या वर सरासरी, किमान ३० होमरन, किमान १०० आरबीआय. अकराव्या वर्षी काय झालं? .२९९ आणि ९९. दोन्हीकडं एकेकानं हुकलं! मी तर तेव्हा मित्राला फोन करून सांगितलं होतं, तो म्हणाला तुझं लग्न ठरलं की काय.

एकूण ७०३ होमरन, ३३८४ हिट्स, तीन एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू). मामेभाऊ म्हणतो नंतरची दहा वर्षं नुसती ओढली. बरं ओढली. म्हणून आधीची कमाई वजा करायची का? मी स्वतः शाळेत चिमणबागेच्या ग्राउंडवर सॉफ्टबॉल खेळलोय, फर्स्ट बेसवरच, त्यामुळे थोडं आतलं बोलतोय असं समजा. सांगा कोण बरोबर.

लष्करवाला_ग्वाल्हेर:
मामेभाऊ बरोबर. आणि मी न्यू जर्सीला राहत नाही, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, म्हणजे निष्पक्ष.

फॉक्सचं १९३२ बघा फक्त. ५८ होमरन, १६९ आरबीआय, सरासरी .३६४. ट्रिपल क्राउन (सरासरी, होमरन, आरबीआय तिन्हीत पहिला) का नाही मिळाला? कारण डेल अलेक्झांडर नावाच्या माणसाची सरासरी .३६७ होती आणि तो बिचारा ३९२ वेळाच बॅटिंगला आला होता. आजचे नियम असते तर तो यादीतच धरला नसता. मग फॉक्सनं पुढच्याच वर्षी रीतसर ट्रिपल क्राउन घेतला, जसं काही काउंटरवर विसरलेली छत्री आणायला गेला. १९२९ ते १९४० सलग बारा सीझन तीसपेक्षा कमी होमरन नाहीत. रिटायर झाला तेव्हा ५३४, त्याच्या पुढं फक्त गेरिगचा यांकीजमधला साथीदार बेब रूथ. एमव्हीपी तीन त्यालाही आहेत, ते कसं विसरलात?

बाय द वे, ३ जून १९३२ ला गेरिगनं एका मॅचमध्ये चार होमरन मारले, ते फॉक्सच्याच टीमसमोर, फिलाडेल्फियात. आणि गंमत अशी की नेमक्या त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सच्या जॉन मॅकग्रॉनं तीस वर्षांची मॅनेजरगिरी सोडली, पेपरात मथळा त्याचा. गेरिगचं नशीबच असलं, आयुष्यभर रूथच्या सावलीत. आम्हा ग्वाल्हेरवाल्यांना हे लवकर कळतं कारण आमच्याकडं कॅप्टन रूपसिंग होते. त्याच १९३२ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारतानं अमेरिकेला हॉकीत २४-१ हरवलं, त्यात रूपसिंगांचे १० गोल, ध्यानचंदांचे ८. नाव कोणाचं झालं? मोठ्या भावाचं. स्टेडियम आहे त्यांच्या नावाचं इथं, पण तेही आता लोक सचिनच्या २०० मुळेच ओळखतात.

असो. विषय फॉक्सचा. दुसरा फॉक्स.

पोहे_डबल_शेव:
अरे भिया मार्क मॅकग्वायर कुठंय?? ७० होमरन, १९९८!! सत्तर!!!

लष्करवाला_ग्वाल्हेर:
आणि २०१० ला स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की स्टेरॉइड घेत होतो. जिलेबी खा आणि शांत बस.

पोहे_डबल_शेव:
😂 बरं. मग राफेल पाल्मेरो? ३०२० हिट्स, ५६९ होमरन

लष्करवाला_ग्वाल्हेर:
तू मुद्दाम करतोयस ना? तो तर २००५ ला डोप टेस्टमध्येच सापडला.

जुनं_स्कोअरबुक:
तरुण मंडळींनो, वाद छान चाललाय, पण तुम्ही सगळे एकाच गल्लीत फिरताय. ‘बेसबॉलचा इतिहास’ म्हणता आणि मोजता फक्त अमेरिकेतल्या दोन लीग. दोन नावं मी घालतो, मग काय करायचं ते करा.

पहिलं, सादाहारू ओ. जपान, योमिउरी जायंट्स, १९५९ ते १९८०, पूर्ण करिअर एकाच टीमकडून. होमरन ८६८. आठशे अडुसष्ट, टायपिंगची चूक नाही. फर्स्ट बेसमन, डावखुरा (आपल्या इंदूरकरांना आनंद होईल). सुरुवातीची तीन वर्षं काही जमत नव्हतं, मग अराकावा नावाच्या कोचनं त्याला एका पायावर उभं केलं, पुढचा पाय वर उचलून बगळ्यासारखं थांबायचं आणि मग बॉलवर यायचं. सरावाला काय, तर छताला कागदाची पट्टी टांगून खरी तलवार घेऊन ती कापायची. हवेनं पट्टी हलते, नुसत्या जोरानं कापली जात नाही, वेळ साधावी लागते. १९६२ ला हा पवित्रा घेतला आणि त्या वर्षी ३८ होमरन. त्या वर्षापासून तेरा वर्षं सलग लीगमध्ये सगळ्यात जास्त त्याचेच. वरती सीझन १३०-१४० मॅचचा, अमेरिकेत १५४ आणि नंतर १६२, म्हणजे संधीही कमी. आता म्हणाल तिथली मैदानं लहान होती, पिचिंग तितकं नव्हतं. मान्य. पण मग तिथल्या बाकीच्यांना का नाही जमले ८६८?

आणि जपानचं पिचिंग अगदीच लेचंपेचं होतं हे गेरिग आणि फॉक्सला विचारा. १९३४ ला दोघेही रूथबरोबर जपानच्या दौऱ्यावर गेले होते. शिझुओकाला एइजी सावामुरा नावाच्या १७ वर्षांच्या पोरानं गेरिंजर, रूथ, गेरिग, फॉक्स या चौघांना ओळीनं स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, फटका न लागताच आउट) केलं. मॅच हरला तो, १-०, आणि ती एक रन गेरिगच्याच होमरनची. पण पोरगं शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं होतं!

दुसरं, बक लेनर्ड. होमस्टेड ग्रेज (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधली टीम), १९३४ ते १९५०. त्याला ‘काळा गेरिग’ म्हणायचे, खरं तर त्या म्हणण्यातच सगळा अन्याय आला. गेरिग आणि फॉक्सच्या सगळ्या करिअरमध्ये काळ्या खेळाडूंना मेजर लीगचं (अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगचं) दार बंद होतं, ते उघडलं १९४७ ला जॅकी रॉबिन्सननं, आणि योगायोग बघा, तो पहिला सीझन तो फर्स्ट बेसवर खेळला. सेकंड बेसवर नंतर गेला. लेनर्डला १९५२ ला एका मेजर लीग टीमच्या मालकानं बोलावलं, तोवर त्याचं वय ४५ झालेलं. तो नाही म्हणाला. आता माझे पाय राहिले नाहीत हे त्याचं त्याला माहीत होतं. १९७२ ला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. म्हणून फॉक्सचे ५३४ मोजताना एवढं लक्षात ठेवा की समोरून बॉल टाकायला येणाऱ्यांतले कित्येक चांगले हात मैदानाबाहेर ठेवले होते. पुहोल्सला ती सवलत नव्हती, तो तर सगळ्या जगाच्या पिचरसमोर खेळला.

माझा क्रम विचाराल तर गेरिग, पुहोल्स, मग ओ आणि फॉक्स शेजारी शेजारी, आणि लेनर्डला नंबर देण्याइतके आकडे आपण त्याला गोळाच करू दिले नाहीत.

लष्करवाला_ग्वाल्हेर:
काका, सावामुराचं वाचून मजा आली. पण काळाचा हिशेब असा करायला लागलो तर आपल्या होळकर टीमच्या चार रणजी ट्रॉफ्यांचं काय करायचं? तेव्हा टीम किती होत्या?

बडोदेकर_मावशी:
होळकरांचं नाव निघालंच आहे तर सांगते, १९४६-४७ ची फायनल, बडोदा. आमचे हजारे २८८, गुल महंमद ३१९, पार्टनरशिप ५७७. समोर कोण होतं ते इंदूरकरांनीच सांगावं 😄

माझं बेसबॉलमधलं ज्ञान शून्य आहे. मी इथं आले कारण माझा नातू, सहावीत आहे, त्याला शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये घेतलं आणि सरांनी सांगितलं तू डावखुरा आहेस, तू फर्स्ट बेसवर उभा राहा. मुलगा रडकुंडीला आलाय, त्याला वाटतंय की कुठंच उपयोग नाही म्हणून तिथं उभं केलं. हे खरं आहे का हो?

जुनं_स्कोअरबुक:
मावशी, त्या फायनलचा विषय इंदुरात काढत नाहीत. आमचे वडील तो स्कोअर कधी पूर्ण वाचायचे नाहीत, पाचशेवर आले की पान उलटायचे.

पोहे_डबल_शेव:
आरबीआय म्हणजे काय ते कोणी सांगेल का, मला वाटलं रिझर्व्ह बँक

लष्करवाला_ग्वाल्हेर:
तू मारलेल्या फटक्यावर जेवढे रनर घरी आले तेवढे आरबीआय. तुझे शून्य.

डावखुरा_इंदूरकर:
मावशी, तुमच्या नातवाचं आधी, बाकी वाद नंतर.

अर्धं खरं आहे, खोटं कशाला बोलू. फर्स्ट बेसवर फार पळावं लागत नाही, म्हणून बॅट चांगली पण पाय जड अशा पोरांना तिथं ठेवतात, मलाही तसंच ठेवलं होतं, उंच आणि सुस्त. पण डावखुऱ्याचं कारण वेगळं आहे. डावखुऱ्याचा ग्लव्ह उजव्या हातात असतो, म्हणजे मैदानाकडं तोंड करून उभा राहिला की ग्लव्ह आपोआप फर्स्ट आणि सेकंडच्या मधल्या मोकळ्या जागेकडं येतो. बॉल धरून सेकंड बेसला फेकायचा असेल तर उजव्याला अंग वळवावं लागतं, डावखुऱ्याला नाही. उलट शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधली जागा), सेकंड, थर्ड इथं डावखुरा ठेवतच नाहीत कारण तिथून फर्स्टला फेकताना त्याला गिरकी घ्यावी लागते. म्हणजे आतल्या सगळ्या मैदानात डावखुऱ्यासाठी राखून ठेवल्यासारखी ही एकच जागा आहे. गेरिग डावखुरा. ओ डावखुरा. लेनर्ड डावखुरा. सांगा त्याला.

आणि काम सोपं दिसतं पण सोपं नाही. तिकडून शॉर्टस्टॉप घाईत फेकतो, बॉल जमिनीवर आपटून उसळत येतो, तुमचा एक पाय बेसला चिकटलेला, शरीर ताणून बॉल उचलायचा. उचलला तर स्कोअरबुकात नुसता एक पुटआउट, रोजच्यासारखा. शॉर्टस्टॉपची चूक तुम्ही पोटात घातली हे कुठंच लिहिलं जात नाही. नाही उचलला तर सगळे तुमच्याकडं बघतात. आमच्या इंटरस्कूल फायनलला असाच बॉल माझ्याकडून सुटला, दोन रन गेल्या, आणि स्कोअररनं एरर फेकणाऱ्याच्या नावावर लिहिली तरी शाळेत वर्षभर मला ‘गाळणी’ म्हणत होते. तो शॉर्टस्टॉप आज माझा साडू आहे, त्यालाही मी दिवाळीला आठवण करून देतो.

म्हणून मला कीथ हर्नांडेझ यादीत हवाच. होमरनवाला नाही तो, पण फर्स्ट बेसवरून खेळ फिरवायचा. समोरच्यानं बंट (बॅट नुसती लावून बॉल जवळच टाकायचा) लावायचं ठरवलं की हा पिचरच्या पुढं धावत जायचा आणि बॉल उचलून थेट थर्डला फेकायचा, जिथं फर्स्ट बेसमननं फेकायचा विचारही करू नये. ओळीनं अकरा गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचं बक्षीस), १९७८ ते ८८. आपल्या द्रविडसारखं आहे हे (जन्म इंदूरचाच हं, बंगळूरवाल्यांनी कितीही म्हटलं तरी). टेस्टमध्ये २१० कॅच घेतले त्या माणसानं, बहुतेक स्लिपमध्ये, पण द्रविडला रँक करताना कोण मोजतो ते?

आता पुहोल्स. फॉक्सचं सगळं मान्य, १९३२ चं तर डोक्यावर घेतो. पण ‘वॉर’ नावाचा जो आकडा काढतात, म्हणजे साधारण बदली खेळाडूऐवजी हा होता म्हणून टीम किती मॅच जास्त जिंकली, त्यात गेरिग ११० च्या वर, पुहोल्स शंभरच्या जरा वर, फॉक्स नव्वदीत. आणि पुहोल्सचं हे फिल्डिंगसकट. दोन गोल्ड ग्लव्ह आहेत त्याला. शेवटची वर्षं लॉस एंजेलिसच्या एंजेल्सकडं वाईट गेली, पायानं दगा दिला, डबल प्ले तर इतके झाले की त्याच्याइतके ग्राउंडर मारून दोघांना आउट करवणारा आख्ख्या इतिहासात कोणी नाही. हे मी त्याचा भक्त असून सांगतोय. पण मग २०२२ ला ४२ व्या वर्षी परत सेंट लुईसला आला, सगळ्यांना वाटलं निरोपाला आलाय, हार घालून बसवतील, आणि बाबानं २४ होमरन मारले. सातशेवा मारला तो दिवस आमच्याकडं शनिवार सकाळ, मी ओट्यापाशी उभा राहून फोनवर बघत होतो, बायको म्हणाली दूध उतू गेलं. गेलंच होतं.

लष्करवाला_ग्वाल्हेर:
सुरुवातीची तीन वर्षं तुमचा पुहोल्स थर्ड बेस, आउटफिल्ड, फर्स्ट असा फिरत होता, पक्का फर्स्ट बेसमन २००४ पासून. आणि शेवटी शेवटी नुसता डीएच (फक्त बॅटिंग, फिल्डिंग नाही). तेवढी वर्षं कापा की मग.

डावखुरा_इंदूरकर:
कापतो, मग फॉक्सही कॅचर म्हणून आला होता आणि मिकी कॉक्रेन आधीच तिथं होता म्हणून फर्स्टवर सरकला, तेही कापू?

लष्करवाला_ग्वाल्हेर:
कापा. १९४५ ला पिचिंग केलं ते मात्र जोडा. बावीस-तेवीस इनिंग, ईआरए (नऊ इनिंगमागं पिचरनं दिलेल्या रन) १.५९ 😎

जुनं_स्कोअरबुक:
डीएचचा नियम लावायचा तर फ्रँक थॉमस यादीतून जातो. ५२१ होमरन, दोन एमव्हीपी, पण फर्स्टपेक्षा डीएच म्हणून जास्त मॅच. मला वाईट वाटेल पण नियम तो नियम. मिगेल काब्रेराचंही थोडं तसंच, २०१२ चा ट्रिपल क्राउन त्यानं थर्ड बेसवर असताना घेतला.

आणि एक राहिलंच. युद्ध. हँक ग्रीनबर्ग, डेट्रॉइट. १९३८ ला त्यानंही ५८ मारले. १९४१ ला सैन्यात गेला, डिसेंबरात सुटका झाली आणि दोन दिवसांनी पर्ल हार्बर झालं, हा परत भरती झाला. १९४५ च्या मधेच परतला आणि सीझनच्या शेवटच्या दिवशी ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर रनर असतानाचा होमरन, चार रन) मारून टीमला वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे फायनलला, नेलं. एकूण होमरन ३३१. मधली चार-साडेचार वर्षं धरली तर किती झाले असते, तुम्हीच बोटं मोडा. जॉनी माइझची तीन वर्षं अशीच गेली. परत येऊन १९४७ ला ५१ होमरन आणि स्ट्राइकआउट फक्त ४२. पन्नासच्या वर होमरन आणि पन्नासच्या आत स्ट्राइकआउट असा दुसरा माणूस नाही.

पोहे_डबल_शेव:
मला एकच फर्स्ट बेसमन माहीत आहे जो मी लाइव्ह पाहिला. फ्रेडी फ्रीमन. २०२४ वर्ल्ड सीरिजची पहिली मॅच, घोटा दुखावलेला, दहावी इनिंग, दोन आउट, बेस लोडेड, पहिल्याच बॉलवर ग्रँड स्लॅम आणि मॅच खल्लास. इकडं सकाळचे नऊ वाजले होते, छप्पन दुकानला हातात प्लेट. मी एवढ्यांदा ओरडलो की शेजारचा म्हणाला काय झालं भिया, शेव कमी पडली का

डावखुरा_इंदूरकर:
😂😂 ही पोस्ट पहिल्या नंबरावर.

बरं, माझी यादी जरा बदलतो. गेरिग. पुहोल्स. फॉक्स तिसरा, ग्वाल्हेरवाल्यांनी ५८ आणि १.५९ दोन्ही तोंडावर मारल्यामुळे अगदी पुहोल्सच्या खांद्याला खांदा लावून. ओ यांना मी नंबर देत नाही, पण काकांच्या घरी आलो की त्यांना पहिलं म्हणेन. ग्रीनबर्ग, बॅगवेल, माइझ ही पुढची गर्दी, तिथं भांडायला जेवण झाल्यावर या. बॅगवेलचं १९९४ कोणी काढलंच नाही अजून, .३६८, ११० मॅचमध्ये ३९ होमरन, मग त्याचा हात मोडला आणि लगेच संपानं सगळ्यांचाच सीझन बुडाला.

मामेभावाला धागा पाठवलाय. त्याचं उत्तर आलं, फक्त ‘५८’.

बडोदेकर_मावशी:
नातवाला गेरिग, ओ, लेनर्ड तिघंही डावखुरे हे वाचून दाखवलं. आता म्हणतोय मला फर्स्ट बेसचा वेगळा ग्लव्ह पाहिजे. दुकानात काय म्हणून मागायचा?

डावखुरा_इंदूरकर:
मावशी, ‘फर्स्ट बेस मिट’ म्हणा. त्याला पाच बोटं वेगळी नसतात, मोठा पंजा असतो. आणि नीट सांगा की मुलगा डाव्या हातानं फेकतो, मिट उजव्या हातात घालायचा आहे. नुसतं ‘डावखुऱ्याचा’ म्हटलं की दुकानदार डाव्या हातात घालायचा काढून देतो, माझ्या बाबांनी तसाच आणला होता, मी अख्खं एक वर्ष उलट्या हातानं खेळलो.

जुनं_स्कोअरबुक:
मग गाळणी होणारच की रे.